एकशे अकरा मिनिटं

पहाटेपासून धुकं असं गच्च बसलं होतं की बस आली तेव्हा आधी तिचा आवाज आला आणि मग दिवे. वहीबाई नेहमीच्या थांब्यावर उतरली, चष्मा रुमालाने पुसला, तो लगेच पुन्हा आंधळा झाला, म्हणून सरळ काढून खिशात टाकला. पुढची वाट पायांच्या ओळखीची होती. दोनशे पावलं, झाकण नसलेलं गटार, मग लोखंडी फाटक.

धुक्याला ती मनातल्या मनात शिव्या घालत होती, पण त्या स्वतःसाठी नव्हत्या. हवा अशी ओली झाली की रस्त्याकडेच्या पेट्यांमध्ये पाणी झिरपतं, तारेच्या जोडांवर दमटपणा बसतो आणि उजेड पलीकडे पोचेपर्यंत अर्धामुर्धा होतो. फायबरची तार म्हणजे केसाएवढी काच. तिच्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडाच्या जिवावर सगळ्या शहराचा इंटरनेट, टीव्ही, फोन चालतो. उजेड मंदावला की माणसं तक्रारीच्या नंबरावर फोन करून बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

कंट्रोल रूम दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकी नाही. यंत्रांना गारवा लागतो म्हणून बारा महिने थंडगार, त्यामुळे बाईच्या खुर्चीच्या पाठीवर एक तपकिरी स्वेटर कायम लटकलेला. बाहेर उन्हाने डांबर वितळत असलं तरी आत बाई स्वेटरात. आल्या आल्या तिने तो चढवला आणि चहाचा कप हातात धरून, न पिता, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर उभी राहिली. पडद्यावर चौकोनच चौकोन. एक चौकोन म्हणजे एक मोठा ग्राहक: बँक, कारखाना, इस्पितळ, अ‍ॅम्ब्युलन्स ऑफिस. दर मिनिटाला यंत्र प्रत्येकाच्या जागी बसवलेल्या डबीला हाक मारायचं. डबीने ओ दिली की चौकोन हिरवा, नाही दिली की लाल. लाल राहिलेली मिनिटं मोजली जायची, आणि महिन्याला त्रेचाळीसच्या वर गेली तर करार मोडला असा अर्थ. त्यालाच सर्व्हिस लेव्हल म्हणायचे. त्या सकाळी धुकं असूनही सगळे चौकोन हिरवेगार होते. बाईला बरं वाटलं. ती चहा प्यायली.

बाई इथे लागली तेव्हा फायबर नव्हतं. पंचवीस वर्षांची होती, टेलिफोनच्या तांब्याच्या तारा डाग देऊन जोडायची, बोटांना कायम चटके. एकतीस वर्षांत तांबं गेलं, काच आली. बरोबरीची माणसं घरी गेली, कुणाला काढलं, कुणी आपणहून. ही राहिली, कारण हिने शिकून घेतलं, आणि शिकलेलं वहीत लिहून ठेवलं. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. यंत्राच्या एकेका पोर्टसाठी, म्हणजे तार खोचायच्या खाचेसाठी, एकेक पान. त्या पोर्टमधून कुठली कुठली कामं जातात, त्यांचे आकडे, कधी घातले, कुणाच्या सांगण्यावरून. नवी इंजिनीअर पोरं तिला समोर ‘बाई’ म्हणायची आणि पाठीमागे ‘वहीबाई’. बाईंना स्वतःचं वय विचारलं तरी आधी वही उघडतील, असं एकजण म्हणाला होता. ते तिच्या कानावर आलं. रागावली नाही. उलट जरा सुखावलीच. कारण अडलं की तीच पोरं दारात येऊन उभी राहायची, ‘बाई, तुमच्या वहीत काय आहे?’ यंत्रापेक्षा वही खरी, असं सगळे थट्टेने म्हणत, आणि थट्टा करता करता सगळ्यांनाच ते खरं वाटू लागलं होतं. बाईला तर सगळ्यांत जास्त.

पावणेनऊला काम आलं. पूर्वेकडच्या वस्तीतल्या एका शाळेला नवी लाइन द्यायची होती. काम रोजचंच. एकाच तारेतून दहा-बारा प्रकारची कामं वाहतात. एका जिन्यावरून अनेक बिऱ्हाडं चढतात-उतरतात, पण कुणी कुणाच्या घरात शिरत नाही, तसं. कोण कुणाचं हे कळायला प्रत्येकाला एक आकडा असतो. त्या आकड्याने आखलेल्या वाटेला व्हीलॅन म्हणतात. पोर्टला यादी द्यायची: हे हे आकडे आत सोड. यादीत आकडा असला तर वाट मोकळी, नसला तर दार बंद. पूर्वेकडचं यंत्र जुनं आणि हेकट होतं. त्याला नुसतं ‘हा एक वाढव’ सांगून चालत नसे. द्याल ती यादी नवी, आधीची पुसली. म्हणून जुने आकडे आणि नवा आकडा, सगळं पुन्हा एकत्र लिहून द्यावं लागायचं.

बाईने वहीचं पान उघडलं. अकरा आकडे होते. त्याखाली शाळेचा बारावा लिहिला, तारीख टाकली, मग बघून बघून बाराही आकडे यंत्राला दिले. एकेक आकडा पुटपुटत, बोट वहीवर ठेवून. आधी यंत्रात काय यादी आहे ती बघायची असते. नव्या पोरांना हे तीच शिकवायची, पहिल्याच दिवशी, दम देऊन. पण तिच्या हाताशी वही होती. आणि यंत्राला विचारणं म्हणजे, खरं सांगायचं तर, तिला स्वतःच्या वहीवर संशय घेतल्यासारखं वाटायचं.

यंत्राने सांगितलं: बारा. आठ वाजून पन्नास मिनिटं. शाळेची डबी लागली. भिंतीवर एकही चौकोन लाल झाला नाही. बाईने पेनाचं टोपण लावलं आणि धुक्यात मंदावलेल्या लायनींची यादी काढायला बसली.

साडेदहाच्या पुढे, दहा अडतीसला, टेबलावरचा फोन वाजला. अ‍ॅम्ब्युलन्स ऑफिसातली फोनवाली स्वतःच्या मोबाइलवरून बोलत होती. तिचा आवाज बाईच्या ओळखीचा होता. तिशीतली, जरा तोंडाळ, ‘तुमचं यंत्र झोपलंय का आमच्यासारखं’ अशी सुरुवात करायची. आज तशी सुरुवात झाली नाही. ती म्हणाली, दीड तास झाला, एकही फोन आलेला नाही. असं कधी होत नाही, आणि धुक्याच्या दिवशी तर शक्यच नाही. शेवटी मीच माझ्या मोबाइलवरून आमचा नंबर लावून पाहिला, तर आधी नुसती शांतता आणि मग टूंटूं.

बाईने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. अ‍ॅम्ब्युलन्स ऑफिसचा चौकोन हिरवा.

“हिरवं दिसतंय हो इथे,” बाई म्हणाली.

“तुमच्या हिरव्याला मी काय करू? इथे फोन मेलेत.”

बाईने यंत्राला यादी विचारली. बारा आकडे. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने आदल्या दिवशीची, यंत्राने आपोआप जपून ठेवलेली यादी काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. तिथेही बारा. पण हे बारा आणि ते बारा एक नव्हते. कालच्या यादीत एक आकडा होता, जो वहीत नव्हता. अ‍ॅम्ब्युलन्सच्या फोनांचा, ते ऑफिसही पूर्वेकडच्या त्याच पोर्टवर. तीन आठवड्यांपूर्वी ते फोन जुन्या तारेवरून फायबरवर आणले होते, आणि तो आकडा कंट्रोल रूमच्या साहेबाने एका रविवारी घरी बसून, लांबूनच, यंत्रात घातला होता. बाईला सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं, आणि वहीत ते आलंच नाही. डबी हाकेला ओ देत होती ती दुसऱ्या वाटेने. हाक मारायची वाट वेगळी, फोनची वाट वेगळी. फोनच्या वाटेवर पहारा ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. हाकेची वाट उघडी होती. फोनची वाट बाईने सकाळी आठ पन्नासला, बोट वहीवर ठेवून, नीट, शांतपणे बंद केली होती.

तिने तेरा आकडे दिले. दहा एक्केचाळीस.

“आता बघा, लागतोय का,” ती फोनमध्ये म्हणाली.

पलीकडे दुसरा फोन वाजल्याचा आवाज आला. मग लगेच तिसरा. फोनवाली ‘लागला, लागला’ म्हणून घाईने निघून गेली. काय झालं होतं हे तिने विचारलं नाही, आणि बाईने सांगितलं नाही.

तक्रारीचं रजिस्टर टेबलावरच होतं. आलेल्या प्रत्येक फोनची नोंद त्यात व्हायची: वेळ, कुणाचा, काय झालं, काय केलं. एकतीस वर्षांत बाईने एक नोंद चुकवली नव्हती. तिने रजिस्टर ओढलं, पेन काढलं, वेळ लिहायला घेतली, आणि थांबली. जेवून लिहू, असं मनाशी म्हणाली. जेवल्यावर म्हणाली, संध्याकाळी. संध्याकाळी रजिस्टर बंद करून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारचा माणूस वर्तमानपत्र वाचत होता, त्याच्या खांद्यावरून तिला ते दिसलं. एक सुतार. आपल्याच दुकानात, रंधा मारता मारता छातीत कळ येऊन बसला, ती वेळ नऊ-सव्वानऊची. बायको दुकानातच होती. तिने अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर नऊ वेळा फिरवला. शेवटी शेजाऱ्यांनी त्याला लाकूड वाहायच्या गाडीवर घातलं, धुक्यात वाट काढत नेलं, आणि इस्पितळाच्या दारात तो गेला. अर्धा तास आधी आणता तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं खाली छापलं होतं. बाईचा थांबा आला, गेला. ती दोन थांबे पुढे जाऊन उतरली आणि चालत मागे आली.

चौकशी बसली ती चार दिवसांनी. अ‍ॅम्ब्युलन्सच्या मुख्य ऑफिसातून दोन माणसं आली, एक जाड फाइलवाला आणि एक नुसता मान हलवणारा. साहेबाने त्यांना भिंतीवरचा पडदा दाखवला, यंत्रातून त्या दिवसाचा कागद काढून दिला. अ‍ॅम्ब्युलन्स ऑफिस, शंभर टक्के, बंद मिनिटं शून्य. फाइलवाल्याने कागद दोनदा वाचला. त्याचा तर्क सरळ होता. लाइन चालू होती. फिरवणाऱ्याला टूंटूं ऐकू येत होतं. रिसिव्हर बाजूला काढून ठेवला की असंच ऐकू येतं. मग रिसिव्हर कुणी काढून ठेवला? त्या सकाळी पहिल्या पाळीला फोनवाली एकटीच होती. आदल्या दिवशी तिने दुहेरी पाळी केली होती, म्हणजे डोळा लागला असणार. फोनवालीने त्यांना सांगितलं होतं की मी स्वतः दहा अडतीसला कंट्रोल रूमला फोन केला, त्यानंतरच फोन सुरू झाले. म्हणून ते खातरजमा करायला आले होते. रजिस्टर पाहिलं. नोंद नाही.

“तिचा फोन आला होता का, बाई?” फाइलवाल्याने विचारलं.

“आला होता.”

“काय म्हणाली?”

साहेब दाराशी उभा होता. मोबाइलवर काहीतरी बघत होता, पण बोट हलत नव्हतं.

“फोन येत नाहीत म्हणाली. बघा म्हटलं, लागतोय का. लागला,” बाई म्हणाली.

एकेक शब्द खरा होता. फाइलवाल्याने ते लिहून घेतलं, आणि मान हलवणाऱ्याने मान हलवली. जाता जाता तो एवढंच म्हणाला की कंट्रोल रूम फार व्यवस्थित ठेवलीय तुम्ही. दुसऱ्या दिवशी फोनवालीला घरी बसवलं. निकाल लागेपर्यंत कामावर यायचं नाही, असं पत्र.

बाईचा नवरा शिंपी होता. होता म्हणजे, हात थरथरायला लागल्यापासून सुईत दोरा जाईना, मशीन झाकून ठेवलं, आणि घरातलं रांधणं त्याने आपल्याकडे घेतलं. थरथरत्या हाताने कांदा असा चिरायचा की प्रत्येक फोड वेगळ्या आकाराची. तरी वर स्वतःच म्हणायचा, माझ्या हातचा कांदा ओळखू येतो, सही केल्यासारखा. लेक दूर दिलेली, रविवारी फोन करायची. संसार बाईच्या पगारावर होता, आणि बाईच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. हे नवऱ्याने कधी बोलून दाखवलं नाही. फक्त भिंतीवर कॅलेंडर बदलताना तो जुनं कॅलेंडर फाडत नसे, त्याच्यावरच नवं टांगायचा.

त्या दिवसांत बाई जेवताना घास हातात धरून बसायची. नवऱ्याने दोन-तीन दिवस पाहिलं, मग म्हणाला, काय गं, मीठ विसरलो का? नाही म्हणाली. मग काय झालं? काही नाही. चौथ्या दिवशी त्याने ताट बाजूला केलं आणि गप्प समोर बसून राहिला. कपड्याचं माप घेताना गिऱ्हाईक हलू नये म्हणून बसायचा तसा. तेव्हा बाईने सांगितलं. सगळं सांगितलं, आकडे, यादी, धुकं, सुतार. सांगताना आवाज एकदाही चढला नाही.

शिंप्याने पाण्याचं भांडं ताटापासून दूर सरकवलं. मग म्हणाला, “कुणाला ठाऊक आहे?”

“मला.”

“आणखी?”

“आता तुम्हाला.”

“मला धरू नकोस,” तो म्हणाला. “मी काय, घरातला.” आणि ताटं उचलायला लागला. एक ताट हातातून निसटून वाजलं. ते तसंच पडू देऊन तो आत गेला.

नोकरी जाईल ही भीती बाईला होतीच. पण एकटी असताना ती स्वतःशी खोटं बोलत नसे, आणि तिला माहीत होतं की भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट बसलीय. लाज. माणूस गेला याची नव्हे, ते दुःख वेगळं होतं, त्याने तिची झोप उडाली होती. लाज होती ती वहीची. दारात येऊन ‘बाई, तुमच्या वहीत काय आहे’ म्हणणाऱ्या पोरांना कळेल की वहीत एक आकडा कमी होता, आणि बाईने यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. फोनवालीची नोकरी चाललीय, तिच्या नावावर माणसाचा जीव घातला गेलाय, आणि आपण कसली लाज धरून बसलोय, हे तिला कळत होतं. कळून काही होत नव्हतं. रोज सकाळी स्वेटर चढवायची, चौकोन बघायची. अ‍ॅम्ब्युलन्सचा चौकोन रोज हिरवा.

एकदा बाजारात तिला फोनवाली दिसली. भाजीच्या ढिगाशी उभी होती. शेजारच्या दोघी बायका आपसांत बोलत होत्या, मुद्दाम ऐकू जाईल इतक्या मोठ्याने: हिला झोप प्यारी हो, कुणाचं का मढं पडेना. फोनवाली एरवी तोंडाळ, दोघींना तिथेच सोलून काढलं असतं.  आज तिने हातातली भाजी खाली ठेवली आणि रिकामी पिशवी घडी करत निघून गेली. बाई एका टपरीच्या मागे झाली. आयुष्यात कधी कुणापासून लपायची वेळ आली नव्हती, त्यामुळे नीट लपताही येईना. चपलेचं टोक बाहेर राहिलं होतं.

महिना संपला. महिनाअखेरीला सर्व्हिस लेव्हलचा तक्ता निघायचा. मोठ्या ग्राहकांची नावं डावीकडे, बंद राहिलेली मिनिटं उजवीकडे. खाली दोन सह्या: तयार करणार, तपासणार. तयार करणार बाई, तपासणार साहेब. आकडे यंत्र काढायचं, पण सही माणसाची लागायची, आणि तोच कागद करारावर चालायचा. चौकशीवाल्यांनीही सांगून ठेवलं होतं की सही झालेला तक्ता पाठवा, मग निकाल लिहून टाकतो.

बाईने कागद छापला. अ‍ॅम्ब्युलन्स ऑफिसच्या पुढे शून्य. तिने पेन काढलं, शून्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी १११ लिहिलं, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात: आठ पन्नास ते दहा एक्केचाळीस, फोनची वाट यादीतून वगळली गेल्यामुळे, काम करणार मी. सही केली. मग तारीख. 

साहेबाने कागद हातात घेतला तेव्हा त्याला वाचायला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. चाळिशीचा होता. सोळा वर्षांपूर्वी इथे शिकायला आला तेव्हा बाईनेच त्याला पहिली कमांड शिकवली होती. अजूनही एकांतात ‘बाई’ म्हणताना त्याचा आवाज जरा खाली यायचा.

“बाई, यंत्र शून्य म्हणतंय.”

“यंत्र डबीला विचारतं. फोनला कुणी विचारलं?”

त्याने दार लावलं. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. मग म्हणाला की मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. दोन याद्या मीही शेजारी ठेवून पाहिल्या. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मीही बोललो नाही. पुढे तो खालच्या आवाजात बराच वेळ बोलत राहिला. की माणूस गेला तो आता परत येणार नाही. फोनवालीला फार तर दुसरीकडे काम मिळेल, ती तरुण आहे. तुमचे चौदा महिने, आता तेराच. यंत्रातल्या नोंदीही पुसल्या गेल्या, ते शेवटच्या दोनशे कमांडच धरून ठेवतं. कुणी सिद्ध करू शकत नाही. त्यात धमकी नव्हती. खरोखर काळजीच होती, आणि म्हणून बाईला ते ऐकणं जास्त जड गेलं.

“आणि तो आकडा मी रविवारी घातला होता,” शेवटी तो म्हणाला. “ते निघालं तर माझंही नाव येईल.”

“तुमचं नाव मी लिहिलेलं नाही.”

“विचारतील ना.”

“विचारलं तर सांगेन. आकडा तुम्ही घातला, बरोबर घातला. मी आधी बघायला हवं होतं, बघितलं नाही. यात खोटं काय आहे?”

साहेब कागदाकडे बघत राहिला. “मी यावर सही करणार नाही,” तो म्हणाला.

“नका करू.”

तिने उठून कागदाच्या दोन प्रती काढल्या. एक साहेबाच्या टेबलावर ठेवली. दुसरी पाकिटात घातली, वर चौकशीवाल्यांचा पत्ता घातला, आणि दुपारच्या सुट्टीत स्वतः चालत जाऊन त्या ऑफिसच्या खिडकीत दिली. खिडकीतल्या माणसाने शिक्का मारायला दहा मिनिटं लावली. पोचपावती घेऊन ती परत आली आणि रजिस्टरमध्ये, एक महिना उशिराने, दहा अडतीसची ती नोंद केली. जागा उरली नव्हती म्हणून समासात.

त्यानंतर जे व्हायचं ते फार गाजावाजा न होता झालं. कंपनीने चूक मान्य केल्याचं पत्र काढलं, त्यात ‘तांत्रिक कारण’ असा शब्द होता. बाईला कामावरून काढलं नाही. एवढ्या वर्षांची माणसं काढली की बोभाटा होतो. कंट्रोल रूममधून तळमजल्यावरच्या गोदामात पाठवलं. यंत्राला हात लावायचा नाही, असं तोंडी सांगितलं. वही साहेबाने ठेवून घेतली. साहेबाला कुणी काही विचारलं नाही. फोनच्या वाटेवरही पहारा बसवला गेला, भिंतीवर एक नवा चौकोन आला, असं पोरांपैकी एकाने तिला सांगितलं. सुताराच्या बायकोला पाठवलेलं कंपनीचं पत्र परत आलं. ती दुकान बंद करून भावाकडे गेली होती, आणि भावाचा पत्ता कुणाकडे नव्हता.

फोनवालीला परत घेतलं, पण फोनवर नाही. मागच्या खोलीत, फायली लावायला.

बाई एका रविवारी तिच्या घरी गेली. कशासाठी जायचं हे तिला सांगता आलं नसतं. तिसरा मजला, जिन्यात कुणाची तरी सायकल आडवी. फोनवालीने दार उघडलं, ओळखलं आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

“मी कंट्रोल रूममधली,” बाई म्हणाली.

“आवाजावरून कळलं.”

बाईने काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काही तोंडातून निघेना. ती म्हणाली, माझी चूक होती. फोनवाली म्हणाली, ठाऊक आहे, कागद दाखवला मला.  आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

“तुम्हाला काय वाटलं, मी पाया पडेन?” फोनवाली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “दहा एक्केचाळीसला तुम्हाला कळलं होतं. फोनवरच कळलं होतं, मी पलीकडेच होते. मी घरी येऊन नवऱ्याला सांगत होते की माझा डोळा लागला नव्हता. रोज सांगत होते. हळूहळू मलाच वाटायला लागलं की लागला असेल. कळतंय का तुम्हाला? मला अजून वाटतं, रात्री. की मीच झोपले होते आणि त्या सुताराची बायको फोन करत होती.”

बाईने चौकटीवरच्या तिच्या हाताकडे पाहिलं. 

“खाली बायका अजून तेच म्हणतात. तुमचा कागद त्यांनी वाचलेला नाही,” फोनवाली म्हणाली. “जा आता. पोरांची आंघोळ राहिलीय.”

दार आपटलं नाही, नीट लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. बाई जिना उतरली. सायकलपाशी जरा थांबली, कठड्याला धरून. मग सायकल भिंतीला टेकवून ठेवली, वाट मोकळी केली आणि बाहेर पडली.

घरी नवरा दाराशीच होता. त्याने पाणी दिलं, ती प्यायली. दोन दिवस तो कांदा न चिरता अख्खाच भाजीत घालत होता. 

सोमवारी गोदामात ग्राहकांनी परत केलेल्या डब्यांचं एक खोकं आलं. चाळीसेक असतील. धुळीने माखलेल्या, काहींना मुंग्या लागलेल्या, एकीवर कुणाच्या लेकराने चिकटवलेली फुलं. प्रत्येक डबीवरची जुनी चिठ्ठी नखाने खरवडायची, ओल्या फडक्याने पुसायची, तार लावायची आणि दिवा लागतो की नाही बघायचं. लागला तर उजवीकडे, नाही लागला तर डावीकडे. बाईने स्वेटरच्या बाह्या वर सारल्या, फडकं पिळलं आणि पहिली डबी खोक्यातून बाहेर काढली. चिठ्ठी फार जुनी होती, लवकर निघेना.